किल्लीच्या आधी एक फेरा

बिराप्पा उस्तादांनी पहिले तीन दिवस मला गाडी सुरूच करू दिली नाही. नवी कोरी गाडी, माझ्या पगारातली, माझ्या नावावरची, आणि मी पलूसच्या मोकळ्या मैदानात स्टेअरिंग धरून नुसती बसलेली. कडेनं शाळेत जाणारी पोरं बघत होती, म्हशी बघत होत्या. माझा स्वभाव तापट. कुणी थांब म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि हा माणूस सकाळी सातपासून मला थांबाच म्हणत होता.

त्याचं असं झालं. माझं घर सांगलीत, नोकरी पलूसच्या कचेरीत. वीस वर्षं एसटीनं ये-जा केली. मग बदलीचा कागद आला तो थेट मेढ्याचा. सांगलीहून कराड, कराडहून सातारा, साताऱ्याहून मेढा. दर शनिवारी घरी यायचं तर तीन गाड्या बदलायच्या. मी म्हटलं, गाडी घेते आणि शिकते. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "आधी स्कूटी सरळ लावायला शीक." झालं. त्याच आठवड्यात गाडी घेतली. कचेरीतल्या शिपायानं सांगितलं, "मॅडम, शिकायचं तर बिराप्पा उस्ताद. फौजेतला ड्रायव्हर हाय. लय किचकट माणूस, पर त्यांच्या हाताखालचं मानूस कुटं धडाकलं न्हाई."

गाडी पलूसलाच उस्तादांच्या दारात ठेवली, मी पहाटेच्या एसटीनं यायची. पहिल्या दिवशी मी ऐटीत दार उघडून बसले. पट्टा लावला, किल्ली घातली. डावीकडच्या काचेवर टकटक झाली.

"उतरा मॅडम."

"का? काय झालं?"

"उतरा. फेरा मारला का गाडीला?"

उंच, काटकुळा, उन्हानं रापलेला माणूस. साठी ओलांडलेली, मिशी पांढरी आणि काटेकोर कापलेली, पायात कॅनव्हासचे बूट, खाकी पँटच्या खिशातून लोंबणारं पिवळं फडकं. त्यांनी मला फेरा मारून दाखवला. ड्रायव्हरच्या दारापासून निघायचं, मागून वळसा घालून डाव्या अंगानं पुढं यायचं आणि बॉनेटवरून परत दारापाशी. प्रत्येक चाकापाशी वाकायचं. आणि सगळा वेळ तळहात गाडीच्या पत्र्यावर टेकलेला ठेवायचा.

"हात कशाला लावायचा? दिसतंय की," मी म्हटलं.

"डोळं लबाड असत्यात मॅडम. त्येस्नी जे बगायचं आसतं तेवढंच बगत्यात. हात लबाडी करत न्हाई. फौजेत ह्येला फर्स्ट परेड म्हनत्यात. किल्लीच्या आधी एक फेरा. घाई आसंल तर दोन."

दुसरा दिवस खुर्ची आणि आरशांत गेला. गुडघा किती वाकावा, पाठ कुठं टेकावी, डोक्यामागची उशी कानाच्या रेषेत का हवी, एवढ्यासाठी एक अख्खी सकाळ. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर मी हौसेनं पितळी गणपती चिकटवला होता. उस्तादांनी आधी त्याला नमस्कार केला आणि मग नखानं खालची टेप सोडवायला घेतली.

"अहो, देव आहे तो!"

"देवच हाय, म्हनून हलीवतोय. ह्येच्या खाली हवेची पिशवी हाय. धडक बसली की ती बंदुकीच्या गोळीवानी भाईर येत्यी. मग ह्यो देव कुनाच्या तोंडावर जानार? तुमच्या सासूबाईंच्याच न्हवं?"

सासूबाईंचं नाव काढल्यावर मी गप्प बसले. गणपती कप्प्यात गेला.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "डोळं मिटा. आता वायपर लावा." मी दांडी ओढली. टिकटिक आवाज सुरू झाला. "पाऊस आला म्हनून उजवीकडं वळनार व्हय तुमी?" असं तासभर चाललं. दिवे, दिव्यांची मान खाली घालणं, मागच्या काचेवरची वाफ घालवणं, हॉर्न, चारी दिव्यांचं तांबडं त्रिकोणी बटण. सगळं डोळे मिटून, नुसत्या बोटांनी. मधल्या मोठ्या पडद्याकडं मात्र त्यांनी बघूही दिलं नाही. "ह्यो टीव्ही गाडी हुबी आसताना बगायचा," म्हणाले.

चौथ्या दिवशी गाडी सुरू झाली, आणि वीस पावलं जाताच, "थांबा." पुन्हा वीस पावलं, "थांबा." माझा संयम सुटला. "उस्ताद, मला चालवायला शिकायचीय!"

"चालवाय कुनीबी शिकवंल," ते म्हणाले. "मी थांबाय शिकवतो. येवढंच येतं मला."

यातली गंमत अशी, की या माणसाला स्वतःला क्षणभर थांबता येत नव्हतं. मी असा चुळबुळ्या माणूस दुसरा पाहिला नाही. चहा प्यायचे तो येरझाऱ्या घालत. लग्नात पंगतीला कधी बसले नाहीत, वाढायला उभे. मी एकदा बँकेत गेले तर बाहेर हे लोकांच्या आडव्यातिडव्या लावलेल्या मोटरसायकली एका रांगेत लावत होते. का, तर पासबुक भरून मिळायला दहा मिनिटं लागणार होती. गाडीत बसले की त्यांचा डावा गुडघा सारखा हलायचा, हाताची बोटं दारावर वाजायची, आणि उजवा पाय! त्यांच्या स्वतःच्या जुन्या व्हॅनमध्ये शिकवणाऱ्यासाठी डावीकडंही ब्रेक होता. माझ्या गाडीत तो कुठला? पण पायाला ते कोण सांगणार? पुढं कुत्रं दिसलं की पाय दाबला, सायकल दिसली की पाय दाबला. माझ्या ध्यानात यायच्या आधी त्यांचा बूट मॅटवर दण्णकन बसलेला असायचा. महिन्याभरात डावीकडच्या मॅटला त्या जागी घट्टे पडले. मी रस्त्यापेक्षा त्या पायाच्या आवाजावर गाडी चालवायला शिकले म्हटलं तरी चालेल.

त्यांची बायको मायाक्का हसून म्हणायची, "ह्यांच्या पायाला भिंगरी हाय. जन्मलेच मेंढरामागं. घरात बसलं की भिंती खायला उठत्यात ह्यास्नी." उस्तादांचं मूळ गाव जतच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं. वडील मेंढपाळ. पाऊस सरला की कळप घेऊन कृष्णाकाठाकडं चालत यायचं आणि आभाळ भरून आलं की परत. यांनी त्या पायांवर फौजेची भरती मारली, आणि फौजेनं त्यांना ट्रकवर बसवलं. चोवीस वर्षं डोंगरात, बर्फात गाडी हाकली. निवृत्त झाल्यावर पलूसला मायाक्काच्या माहेरजवळ घर बांधलं, आणि व्हॅनवर तांबड्या रंगात एल काढून घेतला.

माझ्या गाडीला पहिला पोचा पडला तो त्यांच्याच दारात. मागं घेताना मी पडद्यावरच्या कॅमेऱ्यावर विसंबले. त्यात मागचा रस्ता लख्ख मोकळा दिसत होता. डाव्या कोपऱ्यातला सिमेंटचा हौद मात्र त्या चित्रात मावत नव्हता. उस्तादांचा पाय दणाणला, पण मी उशीर केला. डाव्या मागच्या दिव्याखाली वाटीएवढा खड्डा. मला रडूच आलं. पंधरा दिवसांची गाडी! उस्तादांनी अंगठा त्या खड्ड्यात फिरवला.

"ह्यो पोचा काडू नगा. ऱ्हाऊ द्या. रोज फेऱ्यात हाताला लागंल, मग आटवन ऱ्हाईल."

नवऱ्यानं पोचा बघून काय काय ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. पण पोचा मी तसाच ठेवला.

एका सकाळी आमचा तास चालू असताना उस्तादांचा फोन वाजला. जवळच्या गावचे बापूसाहेब, चांगले बागायतदार, ऊस भरपूर. आदल्या दिवशी त्यांनी भलीमोठी गाडी आणली होती. समोरचं वाहन ओळखून आपोआप ब्रेक मारणारी, रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओलांडले की स्टेअरिंग हलवून सांगणारी. सकाळी पूजा झाली आणि गाडी बिघडली. पडद्यावर तांबडी अक्षरं येतायत, टूं टूं थांबत नाही, भटजी खोळंबलेत. उस्ताद म्हणाले, "चला मॅडम, तेवढंच तुमचं हायवेवरचं धा किलोमीटर व्हईल."

आम्ही पोहोचलो तर अंगणात दहा-बारा माणसं गाडीभोवती गोळा झालेली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, आणि गाडीच्या नाकावर मनगटाएवढा जाड झेंडूचा हार, मध्ये नारळासकट. दुसरा हार समोरच्या काचेच्या वरच्या बाजूला, आरशामागं बरोबर कॅमेऱ्याच्या तोंडावर. उस्तादांनी हात लावून फेरा मारला आणि हसायला लागले.

"बापूसाब, गाडीचं डोळं बांधलंत तुमी. आता ती वरडनार न्हाई तर काय करनार?"

"आवं उस्ताद, देवाचा हार हाय. सवा म्हैना काडायचा न्हाई आसं म्हातारी म्हनत्यी."

उस्तादांनी दोन्ही हार सोडले. मग त्यांनी मोठा हार, नारळासकट, बापूसाहेबांच्याच गळ्यात घातला. "जो चालवनार त्येच्या गळ्यात. आता सवा म्हैना काडू नगा." म्हातारीसकट सगळे हसले. टूं टूं थांबलं. पण उस्ताद आत डोकावले तसा त्यांचा चेहरा बदलला. ड्रायव्हरच्या पट्ट्याच्या खोबणीत नुसतीच एक लोखंडी जीभ खोचलेली होती. पट्टा लावला नाही तरी गाडीला लावल्यासारखा वाटावा म्हणून बाजारात मिळते ती. गाडी एका दिवसाची, आणि तिला फसवायची सोय आधीच झालेली.

"त्यो आवाज डोस्कं खातो ओ," बापूसाहेब हार सावरत म्हणाले.

उस्तादांनी जीभ उपटून खिशात घातली. वाद नाही, भाषण नाही. त्यांच्या घरी ओसरीला अशा जिभांची तारेत ओवलेली माळ टांगलेली होती, वारा आला की किणकिणायची. मायाक्का पाहुण्यांना सांगायची, "ही आमच्या मालकांची शिकार."

गळीत हंगामात तर हा माणूस घरी सापडायचा नाही, असं मायाक्का सांगायची. कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे दोन्हीकडं हातभर बाहेर, मागं एक दिवा नाही. उस्ताद तांबड्या चमकत्या पट्टीची गुंडाळी घेऊन दिवसाउजेडी रांगेतनं फिरायचे आणि प्रत्येक ट्रॉलीच्या ढुंगणावर पट्टी चिकटवायचे. एका ट्रॅक्टरवर कर्ण्यातनं गाणं इतकं मोठ्यांदा लावलेलं की शेजारचं बोललेलं ऐकू येईना. उस्ताद वर चढून त्या ड्रायव्हरच्या कानाशी ओरडले, "गड्या, तुजं गानं पाच मैलावनं ऐकू येतंय रं. ट्रॉली पाच हातावनं दिसत न्हाई!" त्या पोरानं लाजून गाणं बारीक केलं आणि गुंडाळी धरायला खाली उतरला.

महिना झाला. मी परवाना काढला, मेढ्याला हजर व्हायचा दिवस आला. उस्ताद म्हणाले, "पहिल्या खेपंला मी येतो. त्यो डोंगर बगायचाय." खरं म्हणजे त्यांना कुठंही जायला निमित्त लागत नसे.

साताऱ्यापर्यंत मजेत गेलो. पुढं डोंगर सुरू झाला आणि श्रावणातलं धुकं एकदम गाडीवर उतरलं. पुढच्या सगळ्या गाड्यांनी चारी दिवे टिकटिकत ठेवले होते, म्हणून मीही तांबडं बटण दाबलं. उस्तादांनी लगेच बंद केलं.

"चारी दिवं लावून कोन चालतं? ते हुबं ऱ्हायल्यावर. तुमी डावीकडं वळनार का उजवीकडं, मागच्याला कसं कळनार? खालचं दिवं लावा, काचंवर हवा सोडा, आनि म्होरच्याच्या ढुंगनाला चिकटू नगा." उतरणीला म्हणाले, "ज्या गेरमधी चढलासा त्याच गेरमधी उतरायचं. ब्रेकवर पाय ठिवून बसू नगा, त्यो तापतो, मग ऐन टायमाला दगा देतो." त्यांचा पाय मॅटवर सारखा दाबत होता, गुडघा हलत होता, आणि मला कसलीही भीती वाटत नव्हती. मेढ्याला कचेरीत जाऊन मी हजर झाले, सही केली, चहा घेतला. उस्ताद तेवढ्या वेळात सगळी बाजारपेठ पालथी घालून आले.

ते घडलं परत येताना. धुकं विरलं होतं, स्वच्छ ऊन पडलं होतं. साताऱ्याच्या अलीकडं एका गावात डावीकडच्या शेतवाटेनं दुधाचे दोन कॅन लावलेली मोटरसायकल सरळ रस्त्यावर आली. माणूस इकडं तिकडं बघेना. मी ब्रेक मारला. पट्टा छातीत आवळला. मोटरसायकल आमच्या नाकापुढून निघून गेली.

उस्तादांचा पाय हलला नव्हता.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

काय झालं! ज्या माणसाला दोनशे पावलांवरचं कोंबडं दिसायचं, तो मला विचारत होता काय झालं. मी म्हटलं, "दूधवाला. डावीकडून." त्यांनी डावीकडं मान वळवली. तिथं आता काहीच नव्हतं. "व्हय व्हय. बरा मारला ब्रेक," असं म्हणाले, आणि नंतर कराड येईपर्यंत बोलले नाहीत. त्यांचा गुडघाही हलत नव्हता. तो गुडघा थांबलेला बघून मी गाडी आणखी हळू घेतली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मेढ्याला गेले आणि आठवडाभर तिथल्या भाड्याच्या खोलीवर तळमळले. मनाची समजूत घातली, की वय झालं, दमले असतील. पण मला वाटायचं ते असं, की उद्या सकाळी सात वाजता व्हॅनमध्ये कुणाची तरी मुलगी शिकायला बसेल, आणि डावीकडचा ब्रेक या पायाच्या हवाली असेल. धड्याव्यतिरिक्तही ते रोज व्हॅन घेऊन गावभर हिंडायचे. आणि सांगायचं कुणी? मी? महिन्यापूर्वी वायपर म्हणून इंडिकेटर लावणारी?

रविवारी पलूसला त्यांच्या दारात गेले. उस्ताद दिसले नाहीत. व्हॅन अंगणात उभी होती. हाताला सवय लागलेली, मी नकळत फेरा मारायला लागले. उजवी बाजू गुळगुळीत. मागची बाजू गुळगुळीत. डाव्या अंगाला आले आणि हाताला लागायला लागलं. इथं ओरखडा, तिथं रंगाचा लेप, दारावर लावलेल्या देवाच्या चित्राखाली चेपलेला पत्रा. डोळ्यांना यातलं काही दिसत नव्हतं. सगळं नीट रंगवून झाकलेलं होतं.

"सात हायत," मागून आवाज आला. उस्ताद ओसरीच्या पायरीवर उभे होते. "सगळं एका वर्सातलं."

मग त्यांनी सांगितलं. मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच काचबिंदू म्हणून सांगितलं होतं. समोरचं सगळं दिसतं, पण कडेकडेचं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. "औषिद घालतोय रोज. म्होरचं अजून झ्याक दिसतंय की."

माझा तोल गेला. "वर्षभर? उस्ताद, वर्षभर तुम्ही लोकांच्या पोरींना रस्त्यावर नेताय? मला शिकवलंत डोळे लबाड असतात म्हणून, आणि तुम्ही..." मायाक्का दारात पदर तोंडाला लावून उभी होती. तिला हे सगळं ठाऊक होतं, तिनं सांगून पाहिलं होतं, हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

उस्ताद अंगणात चार येरझाऱ्या घालून माझ्यापुढं थांबले. "बसून काय करू मॅडम? खाटंवर बसलो की मेलोच मी." मग खिशातून किल्ली काढली. "चला मैदानात. माजी परीक्षा घ्या. तुमी पास म्हनलासा तर चालवतो. नापास म्हनलासा तर बंद."

व्हॅन मी चालवत नेली. मैदान मोकळं होतं. मी उतरले, ते ड्रायव्हरच्या जागी बसले, खुर्ची सरकवली, आरसे लावले, पट्टा लावला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी सरळ म्होरं बगनार. तुमी फेरा मारा, हातभर लांबनं. दिसलासा की 'हाईसा' म्हननार."

मी उजव्या आरशापासून पुढं निघाले. सवयीचा फेरा उलटा झाला.

"हाईसा," ते म्हणाले. मी उजव्या दिव्यापाशी आले. "हाईसा." बॉनेटच्या मधोमध आले. "हाईसा, झ्याक हाईसा." त्यांच्या आवाजात उमेद आली होती. मी डाव्या दिव्याकडं सरकले. पुढच्या डाव्या चाकापाशी उभी राहिले. आवाज नाही. मी हात वर केला, हलवला. ते सरळ समोर बघत होते, चेहरा शांत, पुढच्या 'हाईसा'साठी ओठ तयार. आमच्यात फार तर चार हातांचं अंतर होतं.

"अक्का?" ते म्हणाले. "कुटं गेलासा?"

त्या दिवसापर्यंत मी मॅडम होते. त्यांच्या गावाकडं मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. त्या वेळी ते माझ्यापेक्षा लहान वाटत होते.

"इथंच आहे. डाव्या चाकापाशी."

स्टेअरिंगवरची त्यांची बोटं थांबली. मग बोलायला लागले, समोर बघतच.

"त्यो फेरा फौजंतला न्हाई अक्का. लोकास्नी तसं सांगतो. फेरा आबाचा, माज्या बापाचा. कळप हलवायच्या आदी आबा सगळ्या मेंढरास्नी एक फेरा मारायचा, हात लावत. बसलेलं, दुकलेलं मागं ऱ्हाऊ नये म्हनून. मी रजेवर आलो हुतो. फौजेतला डायवर, लय ताठा. पावन्याची जीप दारात हुबी. म्हनलं, गावात चक्कर मारून दावतो. उन्हाचा टाईम. चडलो, सुरू केली, डावीकडं वळीवली. आबा घोंगडं टाकून सावलीला झोपला हुता. डाव्या चाकाच्या."

"मग?"

"जगला. पाय गेला. पंधरा वर्सं काठी घिऊन दारात बसून ऱ्हायला, मेंढरामागं जनम काडलेला मानूस. एक शबुद बोलला न्हाई मला. शिव्या घातल्या आसत्या तर बरं झालं आसतं." त्यांनी नाक ओढलं. "तवा मला दिसत हुतं अक्का. दोनी डोळं शाबूत. तरी न्हाई दिसला. आता तर..."

मैदानात वारा सुटला होता. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "एक चक्कर मारू का? ह्या मैदानालाच. शेवटची. कुनी न्हाई हितं."

मी हो म्हणणारच होते. खरंच कुणी नव्हतं. काय बिघडणार होतं? पण मला वाटलं, आपण हो म्हटलं तर ते उद्या पुन्हा विचारतील, मायाक्काला विचारतील, स्वतःला विचारतील. मी त्यांच्या दाराशी गेले, काचेवर टकटक केली.

"उतरा, उस्ताद."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. वाईट वाटलेलं त्यांनी लपवलं नाही. मग हँडब्रेक ओढला, गेर टाकला, दिवे बंद आहेत का बघितले, पट्टा सोडून जागेवर नीट जाऊ दिला, किल्ली काढली. यातलं एकही काम त्यांनी गाळलं नाही. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "नापास म्हना की तोंडानं." मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि चालत घराकडं निघाले. व्हॅन मी मागून हळूहळू नेली. दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस ते शिकणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन स्वतःच्या तोंडानं कारण सांगून आले, असं मला शिपायाकडून कळलं.

मी मेढ्यात अडकले. दिवाळीत फोन केला तर मायाक्कानं उचलला. "ते घरात न्हाईत अक्का. चुलतभावाच्या मेंढरामागं गेल्यात. पंधरा दिस खाटंवर बसलं, मग एक दिवशी काठी उचलली. मी आडवलं न्हाई."

मला बरं वाटलं आणि काळजीही वाटली. ज्याला कडेचं दिसत नाही त्यानं रस्त्यानं हिंडायचं?

पौषातल्या एका शनिवारी मी मेढ्याहून सांगलीला येत होते. कराड सोडून आतल्या रस्त्यानं पलूसकडं येताना पुढं मेंढरं दिसली. सगळा रस्ता भरून कळप येत होता. मी गाडी कडेला घेऊन उभी केली, बंद केली आणि आता मात्र चारी दिवे लावले. मेंढरं दोन्ही अंगांनी गाडीला घासत निघाली. मागून दोन घोडी, त्यांच्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, पोरं. सगळ्यांच्या मागं डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडं, पायात कॅनव्हासचे बूट घातलेला उंच माणूस. चांगला झपाझपा चालत होता.

वाटेत उभी गाडी लागली तसा त्यांनी तळहात बॉनेटवर टेकवला. कुणाची गाडी याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. हात लावत, वाकून चाकं बघत ते डाव्या अंगानं मागं गेले. मी आरशात बघत होते. मागच्या दिव्यापाशी हात थांबला. अंगठा पोच्यात गेला, एकदा गोल फिरला.

ते उजव्या बाजूनं माझ्या काचेशी आले. हसत होते. "पट्टा लावलाय न्हवं, अक्का?"

"लावलाय उस्ताद. कसे आहात?"

"चालतोय की!" ते म्हणाले. पुढं कुणीतरी त्यांच्या नावानं हाळी दिली. गप्पा मारायला थांबणारा हा माणूसच नव्हे. "चला, मी जातो म्होरं. फेऱ्याबिगर हलू नगा. येकादं कोकरू मागं ऱ्हातं," असं म्हणत ते निघालेसुद्धा. आरशात ते मुंडासं लांबपर्यंत दिसत राहिलं, कळपाच्या डाव्या कडेनं, एका मेंढीच्या पाठीवर हात टेकवून.

माझ्या मागं एक टेम्पो आणि दोन मोटारी येऊन थांबल्या होत्या. रस्ता मोकळा झाला तसे हॉर्न वाजायला लागले. मी दार उघडून उतरले. टेम्पोवाला ओरडला, "बाई, काय हरवलंय काय?" हात पत्र्यावर टेकवून पूर्ण फेरा मारला, पोचा हाताला लागला, डाव्या पुढच्या चाकापाशी वाकून नीट बघितलं. कुणी नव्हतं. मग मी आत बसले, पट्टा लावला आणि किल्ली फिरवली.